बोटीच्या केबिनमधल्या फळ्यांना पीयू: १५ महिन्यांचा अनुभव

कोकणातल्या वाघोटन खाडीत माझी २४ फुटी शिडाची बोट उभी असते. फायबरची आहे, सेकंडहँड घेतलेली. केबिनमध्ये पायाखाली सात सुट्या फळ्या आहेत: १२ मिलिमीटरचा प्लाय, वर सागाचा पातळ पापुद्रा आणि मधे फिकट पट्ट्या. बोट घेतली तेव्हा जुनं वॉर्निश पापडासारखं सुटलेलं होतं नि कडा काळ्या पडल्या होत्या. गेल्या वर्षी जानेवारीत फळ्या घरी आणून खरवडल्या आणि हार्डनर (घट्ट करणारं द्रव) घालायचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश, मारलं. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, आता दुसरा येऊ घातलाय.

खरवडण्यापासूनच सांगतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. पहिल्या फळीला मशीनवर ८० नंबरचा, म्हणजे जाड खरखरीत, पॉलिश पेपर लावला. दोन मिनिटांत रंग खुलला, मी खूश झालो आणि आणखी थोडं घासलं. मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग उमटला. साग संपून खालचा प्लाय वर आला होता. हा पापुद्रा मिलिमीटरभरही जाड नसतो आणि एकदा गेला की गेलाच. त्या डागावर आता पायपुसणं असतं. पुढच्या सहा फळ्यांचं वॉर्निश स्क्रॅपरने काढलं नि १२० आणि १८०चा पेपर हाताने फिरवला. त्याआधी फळ्या गोड्या पाण्याने दोनदा धुवून आठवडाभर सावलीत वाळवल्या. लाकडात मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं, मग वर काहीही लावा. लोखंडी स्क्रूंच्या भोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने बरेच गेले. हातमोजे घालून लावायचं आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

गावातले एक म्हातारे मेस्त्री आयुष्यभर होड्या बांधत आलेत. पडवीत येऊन त्यांनी फळी उलटी केली, नखाने कड टोकरली आणि म्हणाले, "वरसून कितीय चकचकीत कर. तां लाकूड पाणी कडेसून पिता."

आज सगळ्यात जास्त पटतं ते हेच. बोटीच्या पोटात कितीही उपसलं तरी थोडं पाणी राहतंच. त्याची वाफ खालून लागते आणि प्लायच्या उघड्या कडा टिपकागदासारखी ती शोषून घेतात. म्हणून आधी सगळ्या कडांना, स्क्रूच्या भोकांना नि हाताचं बोट घालून फळी उचलायच्या खाचांना पातळ इपॉक्सी (दोन द्रवं कालवून कडक होणारं रेझिन) पाजलं. पहिला हात पाच मिनिटांत गडप, दुसरा अर्धा, तिसऱ्याला कड चकाकायला लागली. एकदा घाईत मोठा मग भरून कालवलं, तर ते मगातच तापलं, धूर निघाला आणि प्लास्टिक वाकलं. थोडं थोडंच कालवा. सुकल्यावर वर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून काढल्याशिवाय पीयू नीट धरत नाही.

पीयूचे वर चार हात दिले आणि खाली दोन. वरचे पहिले तीन ग्लॉसचे, शेवटचा सेमी-मॅट. मॅटमध्ये चकाकी मारणारी पूड असते, तिचेच चार हात दिले तर सागाचे रेषे धुरकट दिसतात. आणि शेवटपर्यंत ग्लॉस ठेवलं असतं तर बोट कलली असताना ओल्या पायाने घसरगुंडी झाली असती. दोन हातांमध्ये ३२०चा पेपर. हे काम केबिनमध्ये बसून करू नका, हार्डनरची वाफ छातीला वाईट. मोकळी पडवी आणि चांगला मास्क हवाच.

पडवीतही दव आडवं आलं. एका संध्याकाळी सहाला हात दिला आणि सकाळी बघतो तर दोन फळ्यांवर बारीक फुगे, वर दुधाळ झाक. पीयूच्या हार्डनरला ओल चालत नाही. पुन्हा घासा, पुन्हा मारा. मग नियमच केला: दहानंतर सुरू, तीनच्या आत ब्रश धुवून ठेवायचा.

सगळं झाल्यावर फळ्या बोटीवर नेल्या तर दोन बसेनात! कडांवर थर चढून त्या जाड झाल्या होत्या. रंधा मारला, कड पुन्हा उघडी पडली, पुन्हा इपॉक्सी. प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर जागा आधीच सोडायला हवी होती.

खर्च कामगाराविना साडेसहा हजारांच्या आसपास आला. त्यात एका पार सुटलेल्या फळीऐवजी आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय घेतला, तोही धरलाय. तिच्यावर पट्ट्या नाहीत, वेगळी दिसते. दिसू दे.

आता १५ महिन्यांनंतर काय राहिलंय? कडा एकाही फळीच्या काळ्या नाहीत, प्लाय कुठे सुटलेला नाही. डिझेल सांडलं, माशाचं रक्त सांडलं, पुसलं की गेलं. शिडीखालच्या फळीची मात्र रया गेली आहे. जेटीवरची जांभ्याची तांबडी माती चपलांबरोबर येते आणि पेपरसारखी घासते. पीयूची अडचण तिथे कळते. मधेच ठिगळ लावलं तर त्याची कड दिसते, त्यामुळे अख्खी फळी घासून हात द्यावा लागतो. साध्या तेलाच्या वॉर्निशला ही कटकट नाही. शेजाऱ्यांनी उंडीचं तेल सुचवलं होतं, म्हणून लॉकरच्या झाकणाला लावून बघितलं. बंद केबिनमध्ये ते महिनाभर चिकट राहिलं आणि त्यावर बुरशी धरली. होडीच्या उघड्या लाकडाला ते छान असेल, माझ्या केबिनला नको.

पावसाळ्यात फळ्या बोटीत ठेवत नाही. घरी आणून, मधे पट्ट्या घालून उभ्या करतो. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधीच्या आठवड्यात सगळ्यांनाच होड्या वर ओढायच्या असतात आणि माणूस मिळत नाही. यंदा मेच्या मध्यालाच ओढणार आहे. शिडीखालची फळी कालच काढून आणली, आता पडवीत घासायला घेतली आहे. हाताने, १८०च्या पेपरने.