ओबीडी स्कॅनर आठ महिने वापरून: इजीआरचं दुखणं कसं सापडलं

माझी 2015 ची डिझेल हॅचबॅक. रोज नाशकात पाथर्डी फाटा ते सातपूर, म्हणजे इंजिन धड तापायच्या आत कंपनीचं गेट येतं. गेल्या पावसाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला. सिग्नलला गाडी थरथरायची, चढाला पिकअप नाही, मागे काळा धूर. एका गॅरेजने दोनदा बिघाडाचा कोड पुसून दिला आणि तिसऱ्यांदा इजीआर व्हॉल्व्हच (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) बदलायला सांगितला. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारा हा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला लावायचा, मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं.

कोड आला पी 0402, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा धूर हवा त्यापेक्षा जास्त प्रमाणात परत इंजिनात येतोय. व्हॉल्व्ह अडकलाय, वायरिंग गेलंय की सेन्सर चुकतोय, हे कोडवरून कळत नाही. पैसे वसूल झाले ते लाइव्ह डेटामुळे, म्हणजे गाडी चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांमुळे. मोहदरी घाटात मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि बायको शेजारी मोबाइल धरून आकडे वाचत होती. अशा वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह बंद करतो. 'कमांडेड इजीआर' (व्हॉल्व्ह किती उघडायचा याची आज्ञा) शून्य झालं, पण 'इजीआर एरर' (आज्ञा आणि प्रत्यक्ष यांतला फरक) 99.2 टक्क्यांवरून हलेना! कमांड शून्य असूनही व्हॉल्व्ह उघडा असेल तर हाच आकडा येतो.

अंबडच्या ओळखीच्या मिस्त्रींनी व्हॉल्व्ह माझ्यासमोर खोलला. झडप जिथे टेकते तिथेच शेंगदाण्याएवढा काजळीचा खडा, तेलकट आणि दगडासारखा कडक. कार्ब क्लीनर आणि ब्रशने साफ केलं, मोटारीच्या बाजूला थेंबही जाऊ दिला नाही, पॅकिंग नवं टाकलं. कोड पुसला तो त्यानंतरच. पुन्हा त्याच घाटात नेली, कमांड शून्य, एररही शून्य. दिवा अजून लागलेला नाही.

मेव्हण्याच्या जुन्या पिकअपला उलटा कोड होता, पी 0401, म्हणजे धूर कमी येतोय. तोही व्हॉल्व्ह बदलायला निघाला होता. पंचवटीच्या मार्केट यार्डात भाजी उतरवून झाल्यावर बॉनेट उघडलं, तर ज्या व्हॅक्यूमने व्हॉल्व्ह उघडतो त्याचा रबरी पाइप चिरलेला. व्हॉल्व्ह ठणठणीत होता.

तक्रारी आहेत. ब्लूटूथ मधूनच तुटतं. रात्रभर सॉकेटला राहिला तर बॅटरी उतरते, मी एकदा धक्का मारून गाडी चालू केलीय. व्हॉल्व्ह मुद्दाम उघडबंद करून बघायची सोय यात नाही, त्याला मोठा स्कॅनरच लागतो. तरीही जुनी डिझेल गाडी असणाऱ्यांनी व्हॉल्व्हवर खर्च करण्याआधी हा जरूर घ्यावा.