कार्ड बदलायची वेळ नेमकी कधी येते? आरटीएक्स ५०७० टीआय, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या या ग्राफिक्स कार्डाला (पीसीमध्ये गेमचं चित्र तयार करणारा भाग) आता नऊ महिने होत आले. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि पुण्याची ही थंडी, तिन्ही बघून झाल्यावर लिहायला बसलोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसते एफपीएसचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे, आकडे लिहिले असते, आणि ज्यासाठी कार्ड बदललं त्याबद्दल एक ओळही नसती.

ज्यासाठी बदललं ते म्हणजे आवाज. आमचं टू-बीएचके. एक खोली आईची, त्यामुळे पीसी आमच्याच बेडरूममध्ये, पलंगापासून सहा-सात फुटांवर. बायकोची शिफ्ट सकाळी सहाची, मुलगी चार वर्षांची. माझा खेळायचा वेळ रात्री साडेदहा ते साडेबारा. हेडफोन लावला की मला काही ऐकू येत नाही, पण शेजारी झोपलेल्या दोघींना येतंच ना! डिसेंबर २०२४ मध्ये एका रात्री बायको उठून बसली आणि म्हणाली, "अरे, मिक्सर चालू आहे का कुठे?" गेम तिथेच बंद केला आणि दुसऱ्या दिवसापासून या विषयाच्या हात धुऊन मागे लागलो.

तेव्हा माझ्याकडे आरटीएक्स ३०७० होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं, कार्डांच्या किमती उतरल्या आणि त्या दिवाळीनंतर मी ते नवं कोरं घेतलं. ८ जीबी मेमरी, २२० वॅट. १४४०पी (२५६०x१४४० पिक्सेल) मॉनिटरवर दोन वर्षं त्याने गुमान काम केलं. ६० एफपीएसची कॅप, म्हणजे वरची मर्यादा, लावून खेळायचो, कार्ड दीडशे वॅटच्या आत असायचं, फॅन ऐकूच यायचे नाहीत. मग २०२४ च्या दिवाळीत ४केचा २७ इंची मॉनिटर घेतला. घेतला तो ऑफिसच्या कामासाठी. त्यावर अक्षरं इतकी रेखीव दिसतात की तो निर्णय मला आजही पटतो. पण १४४०पीला साधारण ३७ लाख पिक्सेल आणि ४केला ८३ लाख, म्हणजे सव्वादोन पट काम. तेच कार्ड आता सतत २२० वॅटला टेकलेलं, फॅन २१०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २१०० फेरे. कार्डात काही बिघाड नव्हता, त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढलं होतं.

फॅनच्या आवाजाचं गणित मला तेव्हा नीट कळलं. गती निम्मी केली की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे २१०० वरून १९०० वर आणलं तर जेमतेम दोन डेसिबल हाती लागतात, झोपलेल्या माणसाला फरकही कळत नाही. १२००-१३०० पर्यंत उतरवलं तर मात्र खोलीच बदलल्यासारखी वाटते. तेवढं उतरवायचं तर कार्डाला भरपूर उसंत मिळायला हवी.

पैसे खर्च करण्याआधी तीन महिने मी जुन्या कार्डावर घालवले. ते वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही, कारण त्याशिवाय नेमकं काय कमी पडतंय ते कळलंच नसतं. पहिल्यांदा एका रविवारी कार्ड खोललं. वॉरंटीचे अकरा महिने बाकी होते आणि स्क्रूवरचं स्टिकर तुटणार हे माहीत होतं, तरी खोललं. चिपमागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरके-तिरके, थोडे थोडे सैल करायचे. मग हीटसिंक सरळ ओढायचा नाही. हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, नाहीतर मेमरीवरचे थर्मल पॅड फाटतात. आत बघितलं तर पेस्ट सुकून चिपच्या कडांना सरकलेली आणि मधला भाग जवळजवळ उघडा. हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये धूळ इतकी दाबून बसली होती की चिमट्याने धरल्यावर लोकरीसारखी पट्टी निघाली. आमच्या समोर दोन वर्षं बांधकाम चालू आहे, त्याची ती देणगी. पेस्ट बदलली, धूळ काढली, आणि त्याच गेममध्ये फॅन १७५० वर आले.

नंतर अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ८५० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ असा बिंदू पकडून आलेखाची पुढची रेष सपाट केली. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्होल्टेज थोडं उतरवलं तरी वॅट बरेच उतरतात. २२० चे १७० झाले आणि एफपीएस दोन-तीनच गेले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस डीएलएसएस ४ (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) आलं आणि त्याचं नवीन ट्रान्सफॉर्मर मॉडेल २० आणि ३० सिरीजच्या कार्डांनाही मिळालं. ४केला परफॉर्मन्स मोड म्हणजे आतून १०८०पी. आधी त्यात झाडांची पानं आणि तारांची कुंपणं धुरकट दिसायची, आता बघवतील इतकी स्वच्छ दिसायला लागली. फेब्रुवारीत फॅन १४०० च्या आसपास होते, घर शांत झोपत होतं आणि मला मनापासून वाटलं की नव्वद हजार वाचले.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सायबरपंक २०७७ या गेममध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवणारी सेटिंग) लावून जपानटाउनमधून गाडी काढली की पहिली दहा मिनिटं लोण्यासारखी जायची. मग वळण घेताना चित्र पाव सेकंद अडकायचं. पुढच्या चौकात पुन्हा. भिंतींवरच्या पाट्या जवळ गेलो तरी धुरकट राहायच्या आणि चार-पाच सेकंदांनी अचानक स्पष्ट व्हायच्या. ओव्हरलेवर (खेळताना पडद्यावर दिसणारे कार्डाचे आकडे) कार्डची मेमरी ७.७ जीबीला चिकटलेली. ३०७० ला आपल्या स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी मिळतात. ती भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममधून पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या, वाटेने आणावा लागतो, आणि त्या वाटेवर सेकंदाला ३२ जीबीसुद्धा जेमतेम. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) मिडियमवर आणलं तर अडकणं थांबायचं, पण मग दोन फुटांवरून ४के बघण्यात अर्थ काय राहिला? यात गेमची चूक नाही आणि कार्डाचीही नाही. ते २०२० सालचं कार्ड, आणि मी त्याला भलत्याच कामाला जुंपलं होतं.

माझ्यासाठी कार्ड बदलायची वेळ आली ती इथे. आवाजावर इलाज होता, उष्णतेवर होता, एफपीएसवरही होता. मेमरीवर नव्हता. नवीन सिरीज बाजारात आली म्हणून किंवा बेंचमार्कच्या तक्त्यात आपलं कार्ड खाली घसरलं म्हणून मी बदललं नसतं. आणि जो १४४०पीवर खेळतो, ज्याची मेमरी सहा-साडेसहा जीबीवर थांबते, त्याने आधी पेस्ट बदलून, धूळ काढून बघावं असं मी अगदी आग्रहाने म्हणेन.

कार्ड निवडताना सूत्र एकच होतं: गरजेपेक्षा मोठं घ्यायचं आणि त्याला कधीच पूर्ण पळवायचं नाही. ५०७० ला १२ जीबी, एकदा मेमरीने अडवल्यावर तिकडे जावंसं वाटेना. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी नुकतंच मार्चमध्ये आलं होतं, १६ जीबी, ३०४ वॅट, आणि त्याचा मी आठवडाभर गंभीरपणे विचार केला. पण मी ज्या गेममध्ये अडकलेला असतो त्यांत तेव्हा एफएसआर ४ हे एएमडीचं डीएलएसएससारखं तंत्र पोचलं नव्हतं आणि डीएलएसएस होतं. ५०८० ला ३६० वॅट, आणि इतके जास्त पैसे मोजून मेमरी तेवढीच १६. उरलं ५०७० टीआय: १६ जीबी, ३०० वॅट, आणि मेमरीचा वेग सेकंदाला ८९६ जीबी, म्हणजे ३०७० च्या बरोब्बर दुप्पट. भारतात याची सुरुवातीची किंमत ८० हजार जाहीर झाली होती, पण मला साधं छोटं मॉडेल नको होतं. तीन फॅन, तीन स्लॉट जाडी, ३३ सेंटिमीटर लांब असं सगळ्यात दांडगा हीटसिंक असलेलं मॉडेल जीएसटी धरून ८९ हजारांना घेतलं. वरचे आठ-नऊ हजार मी शांततेसाठी दिले, वेगासाठी नाही.

एक खर्च आधी धरायला हवा, तो म्हणजे एसएमपीएस, पीसीला वीज पुरवणारा डबा. माझा ६५० वॅटचा होता, या कार्डाला ७५० ची शिफारस आहे. "चालून जाईल" असं दुकानात सांगितलं गेलं आणि कदाचित चाललंही असतं. पण ६५० चा एसएमपीएस सव्वाचारशे वॅटला त्याचा स्वतःचा फॅन जोरात फिरवतो, मग कार्ड शांत असून उपयोग काय? ८५० वॅटचा घेतला, ज्याला कार्डाला वीज देणारी नवीन १२व्ही-२x६ केबल थेट येते. अर्ध्या लोडच्या खाली त्याचा फॅन बंदच राहतो. ती केबल लावताना दोन्ही अंगठ्यांनी दाबून, टॉर्च लावून खाच पूर्ण बसल्याचं बघितलं. घाईत लावायची ती केबल नव्हे.

आणि पहिल्या रात्री निराशा झाली, हे स्पष्ट लिहितो. काहीही न बदलता कार्ड सोडलं तर ते ३०० वॅट खातं, खेळ एकशेदहा एफपीएसने पळतो आणि फॅन १५५० वर. फेब्रुवारीत शांत केलेल्या जुन्या कार्डापेक्षा जास्तच आवाज. नवीन कार्ड आपोआप शांत नसतं, ते फक्त शांत करण्याजोगं असतं. दुसऱ्या दिवशी ९०० मिलिव्होल्टला २७०० मेगाहर्ट्झ आणि ८० एफपीएसची कॅप लावली. आता सायबरपंकला साधारण २२५ वॅट, रेड डेड रिडेम्प्शन २ ला १८० च्या आसपास, फॅन १०५० ते ११५०, तापमान ६३. टेक्स्चर सगळ्यात वरचं, चित्र कुठेही अडकत नाही. वीजबिलाचं म्हणाल तर ३०० च्या जागी २२०, रोज दोन तास, महिन्याला पाचेक युनिट. त्यासाठी कोणी हे करू नये. मे महिन्यात बंद बेडरूममध्ये ८० वॅट कमी ओतले जातात हे मात्र अंगाला कळतं.

उन्हाळ्यातला अनुभव उलटाच आला. मला वाटलं होतं की मे महिना सगळ्यात कठीण जाईल. रात्री अकराला खोलीत ३२ अंश, कार्ड ६९ पर्यंत जायचं, फॅन १३०० वर. पण डोक्यावर सीलिंग फॅन पाचवर फिरत असतो, त्याच्या घोंघाटात कार्ड कोणाला ऐकू येणार! खरी परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी झाली. सीलिंग फॅन बंद झाला, खिडक्या लागल्या, आणि ज्याची आठ महिने दखलही घेतली नव्हती ते सगळं ऐकू यायला लागलं. कॅबिनेटच्या पुढच्या फॅनची गुणगुण होती, ती ७५० वरून ६०० आरपीएमवर आणून गेली. कार्डातली विजेची कॉइल सूं करत होती, विशेषतः मेनूमध्ये, कारण मेनूत कॅप लागू होत नव्हती आणि एफपीएस पाचशेच्या घरात जायचे. ड्रायव्हरमध्येच सगळ्यासाठी ८० ची कॅप टाकली तेव्हा ती नव्वद टक्के गेली. उरलेली दहा टक्के कॅबिनेटला कान लावल्यासारखं बसलं तर येते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो फॅन चालू-बंद होण्याने. हलक्या गेममध्ये कार्ड ५० अंशांपर्यंत तापतं, फॅन घुर्रकन सुरू होतात, दीड मिनिटात ४५ वर येऊन थांबतात, पुन्हा तेच. सलग आवाजाला झोपलेला माणूस सरावतो, मधूनच उठणाऱ्या आवाजाला नाही. मुलगी कूस बदलायची ती नेमकी तेव्हाच. शेवटी फॅन थांबवण्याची सोयच बंद केली आणि ६० अंशांपर्यंत ९०० आरपीएमची सपाट रेष ओढली. आता फॅन कधीच थांबत नाहीत आणि कधीच ऐकू येत नाहीत.

फ्रेम जनरेशन (खऱ्या चित्रांच्या मध्ये एआयने बनवलेली चित्रं घालणं) दोनपटीवर कधीकधी वापरतो, मूळ एफपीएस साठाच्या वर असतील तरच. चाळिसावरून ओढून ताणून एकशेवीस दाखवले तर माऊस जड वाटतो. चारपट एकदा लावून बघितलं आणि सोडून दिलं.

जुनं ३०७० साताऱ्याच्या मामेभावाला दिलं, नवीन पेस्टसकट. त्याचा मॉनिटर १०८०पी आहे आणि मेमरी सहाच्या पुढे जात नाही. परवा फोनवर म्हणाला, "दादा, हे चालू आहे का बंद तेच कळत नाही."

माझ्या ओव्हरलेवर हल्ली तीनच आकडे ठेवलेत: वॅट, फॅनची गती आणि मेमरी. मेमरी सध्या ११ ते १२.५ च्या मध्ये असते. ती रोजच्या खेळात १५ च्या पुढे राहायला लागेल, तेव्हा पुन्हा बाजाराकडे बघेन.