बाउल सामने की प्ले-ऑफ? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील जुन्या वादाचा आढावा

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. त्यांतलेही बहुतेक आपल्याच कॉन्फरन्समधील, म्हणजे विद्यापीठांच्या गटातील, संघांशी होत असल्यामुळे अनेक बलाढ्य संघ वर्षभरात एकमेकांसमोर येतच नाहीत. अशा स्पर्धेत राष्ट्रीय विजेता ठरवायचा कसा, हंगामाअखेरचे सुटे निमंत्रणाचे सामने (बाउल) आणि मतदान यांवर की बाद फेरीवर (प्ले-ऑफ), हा या वादाचा गाभा आहे. तिकडे शिकायला गेलेला मराठी विद्यार्थी डिसेंबरात या वादात ओढला गेला, तर आयपीएलच्या सवयीने तो चटकन प्ले-ऑफची बाजू घेईल. ती बाजू माझ्याही मते बरोबर आहे. मात्र आयपीएलचे संघ साखळीतील गुणांवर पुढे जातात, तर इथे संघांची निवड प्रामुख्याने एक समिती करते, हा फरक लक्षात ठेवूनच ती घ्यावी.

बाउल सामन्यांचा जन्म विजेता ठरवण्यासाठी झालाच नव्हता. कॅलिफोर्नियातील पासाडीना येथे नववर्षाच्या गुलाबोत्सवाला जोड म्हणून १ जानेवारी १९०२ रोजी मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवण्यात आला. मिशिगनने तो ४९-० असा इतका एकतर्फी जिंकला की, फुटबॉलऐवजी पुढे काही वर्षे चक्क रथांच्या शर्यती झाल्या आणि फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. वाडग्याच्या आकाराच्या तिथल्या स्टेडियममुळे ‘रोज बाउल’ (गुलाबाचा वाडगा) हे नाव पडले. १९३० च्या दशकात मायामीचा ऑरेंज, न्यू ऑर्लिन्सचा शुगर आणि डॅलसचा कॉटन बाउल सुरू झाले. थंडीने गारठलेल्या राज्यांतील लोकांनी उबदार शहरांत येऊन चार पैसे खर्च करावेत, हा या साऱ्यामागचा सरळ हिशेब होता. विजेता ठरवण्याचे काम १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत मत देणारे पत्रकार, आणि पुढे प्रशिक्षकही, करत आले. १९६० च्या दशकापर्यंत तर शेवटची क्रमवारी बहुधा बाउल सामन्यांच्या आधीच जाहीर होई. म्हणूनच १९५० चा विजेता ठरलेला ओक्लाहोमा नंतर शुगर बाउलमध्ये केंटकीकडून १३-७ असा हरला, तरी विजेतेपद त्याच्याकडेच राहिले.

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे न्यून १९९७ मध्ये उघडे पडले. मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित होते. पण मिशिगन आपल्या कॉन्फरन्सच्या करारामुळे रोज बाउलला बांधलेला असल्याने त्यांची गाठ पडली नाही, आणि पत्रकारांनी एकाला, तर प्रशिक्षकांनी दुसऱ्याला विजेता ठरवले. १९९८ पासून बीसीएस (बाउल चॅम्पियनशिप सिरीज) पद्धतीने मतांना संगणकीय गुणांची जोड देऊन दोन संघांचा अंतिम सामना भरवला, तरीही २००३ मध्ये लुइझियाना स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया असे दोन विजेते झालेच. २००४ मध्ये ऑबर्न संघ सर्व सामने जिंकूनही अंतिम सामन्याबाहेर राहिला. याहून वेगळे काय करून दाखवायचे होते, या त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

तरीही बाउलच्या बाजूने बोलणारे केवळ स्मरणरंजनात रमलेले असतात, असे समजू नये. बाउलसाठी साधारणपणे सहा विजय पुरतात, त्यामुळे मधल्या फळीतील संघांनाही हंगामाअखेर एक प्रवास, एक सोहळा आणि विजयाने निरोप घेण्याची संधी मिळते. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. जुन्या पद्धतीत नोव्हेंबरातला एक पराभव वर्षाची मेहनत धुळीला मिळवू शकत असे, म्हणजे सबंध नियमित हंगाम हीच एक प्रकारे बाद फेरी होती. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेट घरच्या मैदानावर, आपल्या कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून १३-१० असा हरला आणि सात आठवड्यांनी, आठवे मानांकन असूनही, प्ले-ऑफमधून राष्ट्रीय विजेता झाला. मिशिगनच्या चाहत्यांना त्या विजयाची चव शेवटी कशी लागली असेल, याचा प्ले-ऑफच्या समर्थकांनी जरा विचार करावा.

प्ले-ऑफच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाही योगायोगाने ओहायो स्टेटचाच आहे. २०१४ च्या हंगामात चार संघांचा प्ले-ऑफ सुरू झाला, तेव्हा त्याला चौथे मानांकन होते. म्हणजे आधीच्या दोन संघांच्या पद्धतीत तो अंतिम सामन्याच्या जवळपासही आला नसता. प्रत्यक्षात त्याने ओरेगॉनला ४२-२० असे हरवून विजेतेपद मिळवले. मतदान करणाऱ्यांचा अंदाज मैदानावर खोटा ठरू शकतो, हे पहिल्याच वर्षी सिद्ध झाले. वाद मात्र संपले नाहीत. २०२३ मध्ये १३-० अशी कामगिरी असलेल्या फ्लोरिडा स्टेटला, प्रमुख क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) जखमी झाल्यानंतर, समितीने वगळले. २०२४ पासून संघ १२ झाले आणि वादाची रेषा खाली सरकली. माझ्या मते हे सरकणे म्हणजेच सुधारणा आहे, कारण तेराव्या संघाची तक्रार ऑबर्नच्या तक्रारीइतकी गंभीर असू शकत नाही. याच कारणाने १६ किंवा २४ संघांच्या प्रस्तावांना विरोध करायला हवा: तिथे अन्याय फारसा कमी होणार नाही, नियमित हंगाम मात्र आणखी स्वस्त होईल.

प्ले-ऑफने बाउल सामने मारले, हा आरोप अर्धाच खरा आहे. १ जानेवारी २०१६ रोजी फिएस्टा बाउलमध्ये नोत्र दामच्या जेलन स्मिथच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली आणि व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत (ड्राफ्ट) तो दुसऱ्या फेरीपर्यंत घसरला. त्याच वर्षाच्या अखेरीस लेनर्ड फोरनेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी आपापले बाउल सामने खेळण्याचे टाळले. पुढच्या करोडोंच्या कराराची काळजी हे त्यामागचे कारण होते. प्ले-ऑफने मात्र बाउलला सांत्वनाच्या बक्षिसाची अवकळा आणली, हे मान्य करावे लागते. वगळलेल्या फ्लोरिडा स्टेटचे अनेक खेळाडू ऑरेंज बाउलला उतरलेच नाहीत आणि संघ जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला; २०२५ मध्ये प्ले-ऑफबाहेर राहिलेल्या नोत्र दामने तर बाउलचे निमंत्रणच नाकारले.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर बाउल हा चाहत्याचा एक प्रवास असतो. २०२४ च्या प्ले-ऑफमध्ये ओहायो स्टेटच्या निष्ठावंत चाहत्याला कोलंबसमधल्या सामन्यानंतर पासाडीना, टेक्सासमधील आर्लिंग्टन आणि अटलांटा असे तीन दूरचे प्रवास महिनाभरात करावे लागले, आणि खेळाडूंचे हंगामात एकूण १६ सामने झाले. ज्याला एकच तिकीट परवडते, त्याने पहिल्या फेरीचे घ्यावे. ती फेरी वरच्या मानांकित संघाच्या स्वतःच्या मैदानावर, डिसेंबरच्या थंडीत, त्याच्याच विद्यार्थ्यांच्या गर्दीत होते.

म्हणून १२ संघांचा प्ले-ऑफ ठेवावा, आणि उरलेल्या संघांसाठी बाउल त्यांच्या मूळच्या, सहलीच्या आणि उत्सवाच्या स्वरूपात राहू द्यावेत. एक दुरुस्ती मात्र तातडीची आहे. वरच्या चार संघांना पुढे चाल मिळते, पण घरचा सामना मिळत नाही, कारण उपांत्यपूर्व फेऱ्या बाउलच्या तटस्थ मैदानांवर होतात. २०२४ मध्ये पहिल्या फेरीतले चारही यजमान जिंकले आणि पुढे चाल मिळालेले चारही संघ हरले. त्यांतल्या अपराजित, प्रथम मानांकित ओरेगॉनने ऑक्टोबरात आपल्या युजीनमधील मैदानावर ओहायो स्टेटला ३२-३१ असे हरवले होते. जानेवारीत तोच प्रतिस्पर्धी पासाडीनाला भेटला आणि ४१-२१ असा जिंकून गेला.