काठी टेकत करिंथपर्यंत: ज्येष्ठांसाठीच्या एका एकदिवसीय सहलीविषयी

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी (वय ७२), माझी पत्नी (वय ६८, डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे झालेली) आणि तिची थोरली बहीण (वय ७६, हातात कायम काठी), जिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, असे आम्ही तिघे नागपूरकर पाच दिवस अथेन्समध्ये मुक्कामाला होतो. त्यांतला एक दिवस आम्ही ‘ज्येष्ठांसाठी संथ गतीची बायबल-इतिहास सहल’ अशी जाहिरात असलेल्या सहलीला दिला. परत आल्यावर नागपूरच्या सदर भागातील आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या सात-आठ जणांनी याच एका दिवसाविषयी खोदून खोदून विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण हाच मार्ग थोड्याफार फरकाने तेथे अनेक जण चालवतात आणि नाव पाहून नव्हे, तर दिवसाच्या वेळेची वाटणी पाहून निवड करावी, असे माझे मत झाले आहे.

माहितीपत्रकात चार ठिकाणे होती: अथेन्समधील अरीयपगाचा खडक, करिंथचा कालवा, प्राचीन करिंथ आणि किंख्रियाचे बंदर. जास्तीत जास्त बारा प्रवासी, हॉटेलपासून ने-आण, दुपारचे जेवण, इंग्रजी बोलणारी गाइड आणि एकूण चालणे दोन किलोमीटरच्या आत, अशी हमी होती. माणशी ९५ युरो घेतले. प्रवेशाची तिकिटे वेगळी. चालण्याबाबतची हमी त्यांनी तंतोतंत पाळली, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी साडेआठला मिनीबस दारात आली आणि पहिली उणीव तेथेच दिसली. बसची पहिली पायरी जमिनीपासून गुडघाभर उंच होती आणि खाली ठेवायला स्टूल नव्हते. चालकाने पाण्याच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून पायरी केली. ताईंनी आधी काठीने तो क्रेट दोनदा ठोकून पाहिला, मगच पाय ठेवला. दिवसभरात आम्ही त्या क्रेटवरून आठ वेळा चढलो-उतरलो. ज्येष्ठांसाठी म्हणून जी सहल विकली जाते, तिच्या बसमध्ये साधे रुंद स्टूल असू नये, हे मला तरी पटले नाही.

अरीयपग म्हणजे अॅक्रोपोलिसच्या वायव्येला असलेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५ मीटर उंचीचा उघडा खडक. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात प्रेषित पौल येथे अथेनैकरांसमोर उभा राहतो आणि ‘अज्ञात देवाला’ वाहिलेल्या वेदीचा धागा धरून आपले भाषण सुरू करतो. त्या भाषणाचा ग्रीक पाठ खडकाच्या पायथ्याशी कांस्य फलकावर बसवलेला आहे. माहितीपत्रकावरच्या छायाचित्रात पांढऱ्या केसांची माणसे खडकाच्या माथ्यावर हसत उभी होती. प्रत्यक्षात गाइडबाईंनी आम्हाला वर नेलेच नाही, आणि त्यांचा निर्णय योग्य होता. वर जायला लोखंडी जिना आहे, पण जिना संपला की पुढे शतकानुशतकांच्या पावलांनी घासून काचेसारखा झालेला दगड लागतो. कोरड्या हवेतही त्यावर बूट सरकतो. मी हट्टाने चढलो, खालचा अगोरा (प्राचीन बाजारचौक) पाहिला आणि उतरताना बसून, हात टेकत उतरलो, जे माझ्या वयाला शोभले नाही असे पत्नीने स्पष्ट शब्दांत सांगितले. छायाचित्र मात्र कंपनीने बदलायला हवे.

या थांब्यावरची उत्तम कल्पना म्हणजे खडकाऐवजी तासभर त्या भाषणालाच दिला गेला. आम्ही झाडाच्या सावलीत दगडी कट्ट्यावर बसलो होतो, खडक समोर दिसत होता आणि गाइडबाई उभ्या राहून संथपणे समजावत होत्या. आम्ही सोबत मराठी शास्त्र (बायबल) नेले होते. बाई ‘डायोनिसियस’ म्हणाल्या की ताई पानावर बोट ठेवून हळूच ‘दिओनुस्य’ म्हणत, ‘डॅमरिस’ म्हटले की ‘दामारी’; ते भाषण ऐकून विश्वास ठेवलेली ही दोघे. लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकलेली नावे अशी समोर येऊन उभी राहताना पाहून ताईंच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, त्याची किंमत ९५ युरोंत धरलेली नव्हती. अॅक्रोपोलिसच्या दक्षिण अंगाचा वाहनबंदी असलेला रुंद रस्ता याच दिओनुस्याच्या नावाने ओळखला जातो. ज्यांना खडक चढवणार नाही त्यांनी संध्याकाळी त्या रस्त्याने फेरफटका मारावा.

तेथून पश्चिमेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर करिंथ आहे. वाटेत कालव्याच्या पुलावर पंधरा मिनिटे थांबलो, आणि तेवढी पुरे होतात. सहा किलोमीटरहून थोडी अधिक लांबीचा, तळाशी जेमतेम २१ मीटर रुंदीचा हा कालवा १८९३ मध्ये खुला झाला. नीरो बादशहाने इ. स. ६७ मध्ये हे खोदकाम सुरू करून पाहिले होते. पौलाच्या काळी मात्र येथे जहाजे फरसबंद वाटेवरून ओढून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्राकडे नेली जात. पुलाच्या कठड्यावरून खाली पाहताना पोटात गोळा येतो, त्यामुळे ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी बसमध्येच बसावे.

प्राचीन करिंथ हा या दिवसाचा गाभा. येथे आम्हाला पावणेदोन तास मिळाले आणि ते फार नेमके वापरले गेले. तिकीट खिडकीवर ज्येष्ठांची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती असल्याचे कळले, तेव्हा भारतातून येणाऱ्यांनी पूर्ण पैसे धरूनच चालावे. बाईंनी उलटा क्रम लावला: आधी संग्रहालय, मग अवशेष. संग्रहालयात सावली, बाके आणि स्वच्छतागृह आहे; दमण्याआधी नीट बसून ‘इब्री लोकांचे सभास्थान’ असा लेख कोरलेला दगड पाहता येतो. त्या शिळेची अक्षरे वेडीवाकडी आहेत आणि ती पौलानंतरच्या काळातील मानली जाते, हे बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

बाहेर आल्यावर अपोलोच्या देवळाचे सात खांब दिसतात. इ. स. पू. सहाव्या शतकातील या देवळाला मूळचे ३८ खांब होते आणि प्रत्येक खांब एकाच अखंड दगडातून घडवलेला आहे. पौल येथे आला तेव्हाच हे देऊळ सहाशे वर्षांचे जुने होते. मात्र त्याने पाहिलेले शहर नवे होते: इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियस याने जुने करिंथ उद्ध्वस्त केले आणि इ. स. पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने तेथे पुन्हा वस्ती बसवली. नेमका हाच मुद्दा बाईंच्या हातून निसटला. पाठीमागच्या ५७५ मीटर उंच अॅक्रोकरिंथ डोंगराकडे बोट दाखवून त्यांनी प्रेमदेवता आफ्रोदीतेच्या देवळातील हजार देवदासींची कथा सांगितली आणि अशा शहरात पौल राहिला, असे म्हणाल्या. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने ती हकीकत लिहिली आहे खरी, पण ती उद्ध्वस्त होण्यापूर्वीच्या जुन्या करिंथविषयी. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला असल्याने राहवले नाही आणि शंका विचारली. त्यांनी ती हसून मान्य केली, पण पुढच्या गटाला त्या हीच कथा सांगतील याची मला जवळपास खात्री आहे.

चौकाच्या मध्यभागी न्यायासनाचा उंच ओटा आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ प्रमाणे यहुद्यांनी पौलाला येथेच अखया या रोमन प्रांताचा सुभेदार गल्लियो याच्यासमोर उभे केले आणि हा तुमच्या शब्दांचा व नियमशास्त्राचा वाद आहे, तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणून गल्लियोने त्यांना घालवून दिले. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. त्याच्या नावाचा उल्लेख असलेला शिलालेख डेल्फीला सापडला, त्यावरून त्याची कारकीर्द इ. स. ५१-५२ च्या सुमारास धरता येते आणि पौलाच्या साऱ्या प्रवासांच्या तारखा त्या एका खुंटीवर टांगल्या जातात. हे बाईंनी इतके सोपे करून सांगितले की वर्गात मला कधी जमले नसते.

त्यानंतर त्यांनी जे केले, तो मला या सहलीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. ‘आता वीस मिनिटे मी बोलणार नाही’ असे सांगून त्या बाजूला गेल्या. आम्ही ओट्यासमोरच्या दगडांवर बसलो. ऊन होते, पण मे महिन्यातले नागपूर सोसलेल्यांना ते सुसह्य होते. पाण्याची बाटली आणि टोपी मात्र हवीच, कारण चौकात सावली जवळपास नाही. ओट्यापाशी पौलाच्या दुसऱ्या करिंथकरांस पत्रातील चौथ्या अध्यायाचे सतरावे वचन कोरलेला दगड आहे. आताचे हलके संकट आणि पुढचे सार्वकालिक गौरव असा त्याचा आशय. पत्नीने गुडघ्यावर हात ठेवून विचारले, ‘हलके म्हणजे किती हलके, ते लिहिले आहे का हो?’ ताईंनी पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय काढला आणि ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ येथून मोठ्याने वाचला. हे शब्द ज्या गावातल्या भांडकुदळ मंडळीला लिहिले गेले, त्याच गावच्या चौकात बसून ते ऐकताना कोणी बोलले नाही. शेजारचे गोरे जोडपे, ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तेही थांबून ऐकत राहिले.

चौकाभोवती दुकानांच्या ओळी आहेत: नागपूरच्या इतवारी बाजारातल्या जुन्या गाळ्यांसारख्या अरुंद, एकाला एक लागून असलेल्या खोल्या. क्लौद्य बादशहाने रोममधून हाकललेले अक्विला आणि प्रिस्किल्ला हे यहुदी जोडपे अशाच एखाद्या गाळ्यात तंबू शिवत असतील आणि पौल दीड वर्ष त्यांच्याबरोबर सुई चालवत असेल, हे बाईंनी ‘असतील’ या शब्दावर जोर देऊन सांगितले, ते आवडले. हीच काळजी त्यांनी एरास्ताच्या बाबतीत घेतली नाही. नाट्यगृहाजवळच्या फरशीवर ‘एरास्त’ नावाच्या अधिकाऱ्याने ती स्वखर्चाने घातल्याचा लॅटिन लेख आहे. रोमकरांस पत्रात उल्लेखलेला नगराचा खजिनदार एरास्त तो हाच, असे त्यांनी ठाम विधान केले, जेव्हा की अभ्यासकांत त्यावर आजही मतभेद आहेत. एका अमेरिकन संस्थेने येथे १८९६ पासून उत्खनन चालवले आहे, आजही खड्ड्यांवर दोऱ्या बांधलेल्या दिसतात. नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये ओढ्यात बुडून गेलेले मिशनरी-संशोधक स्टीफन हिस्लॉप त्या दोऱ्या पाहून मला आठवले. नागपूरच्या इतिहासाच्या शिक्षकाला ते आठवणारच.

येथपर्यंत सहल जवळपास निर्दोष होती. पुढचे पावणेदोन तास कंपनीने खानावळीला दिले. पावणेतीनला आम्ही जेवायला बसलो आणि साडेचारला उठलो. जेवण वाईट नव्हते: टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, भाजलेला मासा, फेटा चीज घातलेले सॅलड. पण दोन पदार्थांमध्ये पाऊण तास गेला आणि त्या वेळात खानावळीच्याच दुकानातील मातीची भांडी फिरून दाखवण्यात आली. कोणी आग्रह केला नाही, हे खरे. तरी बस कोणासाठी थांबली होती, हे न कळण्याइतके आम्ही भोळे नाही. त्या दुकानातून पत्नीने एकच वस्तू घेतली: बारीक काळ्या मनुकांची अर्धा किलोची पिशवी. नाताळच्या केकसाठी आपण ज्याला ‘करंट’ म्हणतो, तो शब्द मुळात करिंथ या नावावरूनच आला, हे तिला तेथे कळले आणि तिने पिशवी बसमध्ये मांडीवरच धरून ठेवली.

याचा फटका किंख्रियाला बसला. करिंथचे हे पूर्वेकडचे बंदर. येथेच पौलाने नवस फेडण्यासाठी केस कापले आणि येथल्याच मंडळीची सेविका फीबी, जिची रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात शिफारस केलेली आहे. येथे कुंपण नाही, तिकीट नाही, गर्दीही नाही. जुन्या धक्क्याचे दगड आणि पुढच्या काळातील एका चर्चचे पाये उथळ, नितळ पाण्याखाली दिसतात; काठावर सपाट जागा आहे, म्हणजे काठी घेतलेल्या माणसासाठी सर्व ठिकाणांत हे सर्वांत सोयीचे. आम्हाला मिळाली बारा मिनिटे. ताईंना पाण्यात पाय बुडवायचे होते. एक मोजा निघाला होता तेवढ्यात चालकाने हॉर्न वाजवला. बसमध्ये चढताना, क्रेटवर उभ्या राहून त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, फीबीला रोमपर्यंत जायला वेळ मिळाला आणि मला दुसरा मोजा काढायला नाही.’

संथ म्हणजे केवळ कमी चालणे, असा या कंपनीचा समज दिसतो. चालणे कमी होते, बसायच्या जागा विचारपूर्वक निवडल्या होत्या, आणि संध्याकाळी साडेसहाला हॉटेलवर पोहोचलो तेव्हा पत्नीच्या गुडघ्याला सूज नव्हती. या तीन गोष्टींसाठी मी ही सहल आमच्या मंडळीतल्या ज्येष्ठांना निःसंकोच सुचवीन. मात्र नोंदणी करण्यापूर्वी जेवणाचा वेळ किती आणि किंख्रियाला किती मिनिटे, हे लेखी विचारून घ्यावे, बसमध्ये स्टूल आहे का हेही विचारावे, आणि जून ते ऑगस्ट टाळावे. सोबत मराठी शास्त्र न्यावे. गाइडच्या उच्चारांतून आपली नावे ओळखायला त्याचा फार उपयोग होतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीने मोबाइलवर अभिप्रायाचा अर्ज पाठवला. गतीसाठी मी पाचपैकी चार, गाइडसाठी चार आणि जेवणासाठी दोन गुण दिले, आणि खालच्या चौकटीत खानावळीतली चाळीस मिनिटे किंख्रियाला द्यावीत असे लिहिले. ताईंनी आपला अर्ज स्वतः भरला. पत्नीने त्यांच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिले, तर सर्व रकान्यांत पाच-पाच गुण होते आणि सूचनेच्या जागी एकच शब्द होता: स्टूल.