मेटल डिटेक्टर घेताय? आधी जमीन बघा (5 पैकी 3 स्टार)

साडेआठ हजारांचं मशीन ऑनलाइन मागवलं, कारण काय तर सहा महिने रोज जेवण झालं की इंग्लंडच्या शेतातले व्हिडिओ बघत बसायचो. नांगरलेलं शेत, गमबूट, हेडफोन, टुंग वाजलं की फावडं आणि मातीतून हिरवं पडलेलं रोमन नाणं. रोमन तिथे इ.स. 43 पासून साधारण 410 पर्यंत होते आणि एवढी चिल्लर सांडून गेलेत की अजून नांगरटीत वर येते. बायको म्हणाली, ऐरोलीत कुठला रोमन सापडणार तुला?

तसे समोर घारापुरीला रोमन रांजणांचे तुकडे मिळालेत म्हणा, पण मशीन खापराला वाजतच नाही. इंग्लंडमध्येही नुसत्या मशीनवर भागत नाही. 2018 च्या कडक उन्हाळ्यात जुन्या खंदकांवरचं पीक हिरवं राहिलं, गाडलेल्या भिंतींवरचं आधी करपलं आणि विमानातून अख्खे वाडे नकाशासारखे दिसले.

आता मशीन. वजनाला हलकं, सेल बरेच दिवस टिकतात. उलव्याच्या प्लॉटवर नेलं तर सगळी भरणीच, पावलापावलावर सळईचे तुकडे, खिळे, बाटलीची बुचं. मग पनवेलजवळ सासऱ्यांच्या शेतात गेलो (परवानगी घेऊन, इंग्लंडमध्येही शेतमालकाला विचारावंच लागतं), तिथे खाली काही नसतानाही केकाटतं, कारण आपल्या काळ्या दगडाच्या मातीतच लोखंडाचे कण असतात. ग्राउंड बॅलन्सचं (म्हणजे मातीतल्या लोखंडाकडे मशीनने दुर्लक्ष करावं म्हणून जुळवायचं) बटण असलेलं मॉडेल घ्या, माझ्यात नाहीये, तिथेच पैसे वाचवले आणि फसलो.

आणि हो, खजिना मिळाला तर गप्प खिशात घालायचा नाही. आपल्याकडे 1878 चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं गाडलेलं धन मिळालं की कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! संरक्षित किल्ल्यांवर तर मशीन घेऊन जाऊच नका.

1992 मध्ये इंग्लंडच्या सफोकमधल्या हॉक्सन गावात एक जण शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेला आणि 15 हजारांच्या आसपास रोमन नाणी निघाली. मला तो माणूस आवडला तो यासाठी की त्याने सगळं उपसलं नाही, थोडं निघाल्यावर थांबला आणि कळवलं, म्हणून कुठली वस्तू पेटीत कशी रचली होती ते तज्ज्ञांना जागेवर बघता आलं. त्यात मिरपूड ठेवायच्या चांदीच्या चार डब्या होत्या, म्हणजे आपल्या मलबारची मिरी पार तिथल्या ताटात! हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये.

माझी कमाई एक रुपयाची दोन नाणी, एक विळा आणि सोसायटीच्या बागेत पडलेलं बायकोचं जोडवं. जोडव्यामुळे एक स्टार वाढवलाय. हेडफोनचं भोक पहिल्या आठवड्यातच सैल झालं, विक्रेत्याला तीन मेसेज केले, अजून उत्तर नाही.