इस्त्रीने चिकटली, पण आकसली नाही : मॉडेल विमानाच्या आवरणाच्या नावाखाली झालेली फसवणूक

मी परभणीत विज्ञान शिकवतो आणि गेली अनेक वर्षे रेडिओ कंट्रोलची छोटी विमाने बांधतो. आजवर पंखांवर मी टिश्यू कागद आणि डोप (कागद ताणून घट्ट करणारा वार्निशासारखा द्रव) हेच आवरण वापरत आलो होतो. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र भाचीसोबत दीड मीटर पंखविस्ताराचे, बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे ट्रेनर (शिकाऊंसाठीचे) विमान बांधायला घेतले, आणि त्यासाठी पहिल्यांदाच इस्त्रीने चिकटवायची कव्हरिंग फिल्म (सांगाड्यावर मढवायचे पातळ प्लास्टिकचे आवरण) विकत घ्यायचे ठरवले. त्या खरेदीत ३,८०० रुपये गेले. त्याहून मोठे नुकसान म्हणजे भाचीने दोन महिने बसून एकेक रिब (पंखाला आकार देणारी आतली आडवी पट्टी) घासून तयार केलेला उजवा पंख वाकडा झाला. मराठवाड्यात हे सामान दुकानात हाताळून घ्यायची सोय जवळपास नाहीच, सगळे बाहेरून मागवावे लागते. म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

मोबाइलवर एका विक्रेत्याची जाहिरात आली होती. ‘जर्मन आयर्न-ऑन फिल्म’, दोन मीटरचा एक असे चार रोल, आणि किंमत इतर ठिकाणी विचारली होती तिच्या साधारण निम्मी. सोबत एक चलचित्र होते. त्यात सुरकुत्या पडलेले पंखाचे आवरण हीट गनची गरम हवा लागताच ढोलकीच्या पानासारखे ताणले जाताना दिसत होते. ते पाहून माझी खात्री पटली आणि मी पूर्ण रक्कम आगाऊ पाठवली. चलचित्रातली फिल्म आणि मला येणारी फिल्म एकच आहे का, हा प्रश्न मी विचारायला हवा होता, तो विचारला नाही.

पार्सल आले तेव्हा रोलवर उत्पादकाचे नाव नव्हते, नुसती इंग्रजीत छापलेली एक चिठ्ठी होती. फिल्मच्या रंगीत, चकचकीत बाजूवर पारदर्शक प्लास्टिकचा थर होता. विक्रेत्याने सांगितले की आधी फिल्म चिकटवायची आणि मग तो थर काढायचा. आम्ही शेपटी आणि उजवा पंख तसाच मढवला. कडा उत्तम चिकटल्या, किंबहुना गरजेपेक्षा जास्त घट्ट चिकटल्या. पण दोन रिबांमधल्या मोकळ्या जागेतली फिल्म सैल ती सैलच राहिली. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, “सर, तुमची इस्त्री कमी गरम होतेय, अजून वाढवा.” मल्टिमीटरच्या थर्मोकपलने इस्त्रीचा तळ मोजत मी तापमान १५० अंश सेल्सियसवरून १८० पर्यंत नेले. फिल्म मऊ पडून रिबांच्या मध्ये आणखी लोंबली, कडेचा बाल्सा तांबूस झाला, आणि सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचे काही जोड उष्णतेने सुटले. दुसऱ्या दिवशी पंख सपाट टेबलावर ठेवला तेव्हा टोकाकडची मागची कड ४ मिलिमीटर खाली पिळलेली आढळली. असा पीळ असलेल्या पंखाचे टोक कमी वेगात सर्वांत आधी उचल गमावते आणि विमान उतरताना एका बाजूला कोसळते. शिकाऊ हातात ते विमान देणे शक्यच नव्हते.

हा माल मुळात काय आहे, ते मला टी-शर्ट छापणाऱ्या एका दुकानात कळले. शाळेच्या स्पर्धेचे शर्ट आणायला गेलो असता उरलेला तुकडा सहज दाखवला. दुकानदाराने तो हातात घेतला आणि लगेच म्हणाला, “सर, हे तर आमच्याकडचं टी-शर्टचं व्हिनाइल आहे की!” त्याच्याकडच्या रोलची रुंदी ५० सेंटिमीटर होती, माझ्या रोलचीही तीच होती. ओराकव्हरसारख्या नावाजलेल्या कव्हरिंग फिल्मचा रोल ६० सेंटिमीटर रुंद येतो. त्याहून महत्त्वाची खूण त्या पारदर्शक थरात होती. कापडावर अक्षरे उमटवायच्या व्हिनाइलमध्ये आधाराचा थर रंगीत बाजूवर असतो, कारण कापलेली अक्षरे जागच्या जागी धरून ठेवायची असतात. विमानाच्या फिल्ममध्ये संरक्षक थर गोंदाच्या बाजूवर असतो आणि तो चिकटवण्याआधी सोलावा लागतो. ही एक गोष्ट ठाऊक असती तर मी रोलला कात्री लावलीच नसती.

फिल्म का आकसली नाही, याचे उत्तरही यातच आहे. चांगली कव्हरिंग फिल्म बहुधा पॉलिएस्टरची असते. कारखान्यात ती ताणून त्याच अवस्थेत थंड केलेली असते, त्यामुळे पुन्हा उष्णता मिळाली की ती मूळ मापाकडे परतू पाहते आणि चहूबाजूंनी पंखाला ताणून धरते. हा ताण दिसायला सुंदर असतोच, पण त्याचे खरे काम उघड्या रिबांच्या पंखाला पिळापासून आवरणे हे आहे. म्हणून कडा साधारण १०० अंशांच्या आसपास चिकटवतात आणि मधला भाग त्यानंतर १५० च्या आसपास ताणतात. टी-शर्टवरचे नाव धुतल्यावर किंवा इस्त्री केल्यावर आकसू नये, म्हणून ते व्हिनाइल नेमके याच्या उलट गुणाचे बनवलेले असते. ते कितीही तापवले तरी ताणले जाणार नव्हते.

वजनाचा हिशेब मी नंतर केला, तो आधी करायला हवा होता. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा, वरचा थर काढून, १.६ ग्रॅम भरला. म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम. नेहमीची पॉलिएस्टर फिल्म ६० ते ७० ग्रॅमच्या घरात असते. आमच्या विमानाला सुमारे १.४ चौरस मीटर आवरण लागते, त्यामुळे सगळे मढवले असते तर सुमारे १३० ग्रॅम जादा ओझे झाले असते. शेपटीवर तर एकेक ग्रॅम महाग पडतो. तिथे सुमारे १९ ग्रॅम जादा झाले होते. आमच्या विमानात तोलाच्या बिंदूपासून शेपटीचे अंतर नाकाच्या तिप्पट असल्यामुळे तोल साधायला नाकात ५५ ते ६० ग्रॅम शिसे भरावे लागले असते. एलेव्हेटर आणि रडर हे शेपटीवरचे हलते भाग मागून जड झाले की वेगात ते थरथरू लागतात, आणि एकदा ती थरथर वाढली की बिजागऱ्या उखडतात.

एका वेगळ्या बाबतीत गैरसमज नको. काही हौशी लोक फोमच्या विमानांवर कागदपत्रांच्या लॅमिनेशनची फिल्म लावतात आणि ती त्या कामाला चांगली चालते. स्वस्त पर्याय वापरण्यात काही गैर नाही. माझी तक्रार एका वस्तूच्या नावाने दुसरी वस्तू विकल्याबद्दल आहे.

या फसवणुकीतला सर्वांत त्रासदायक भाग म्हणजे, खुणा ठाऊक नसलेल्याला फिल्म कापून तापवल्याशिवाय तिचा दोष कळत नाही, आणि ‘कापलेला रोल परत घेतला जाणार नाही’ ही विक्रेत्याची अट असते. मी पैसे परत मागितले तेव्हा त्याने हीच अट पुढे केली आणि नंतर माझा क्रमांक ब्लॉक केला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नियमित व्यापार करणारा विक्रेता नकार देऊ शकत नाही. ते मला तेव्हा माहीत नव्हते. आता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे घेऊन मालच पाठवला नाही, असा प्रकार कोणाच्या बाबतीत घडला तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

आता कोणाकडूनही फिल्म घेताना मी आधी तळहाताएवढा नमुना पैसे देऊन मागवतो. त्याचे वजन करतो, थर कोणत्या बाजूवर आहे ते पाहतो, आणि बाल्साच्या टाकाऊ पट्ट्यांच्या चौकटीवर तो मढवून ताणतो. मग ती चौकट भर दुपारी गच्चीवर ठेवतो, कारण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि तिथे जी फिल्म सैल पडते ती मैदानावरही पडणारच. नमुना द्यायला नकार देणाऱ्याकडून मी रोल घेत नाही. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण करतो आणि पहिला काप देण्याआधी रुंदी मोजतो.

व्हिनाइल सोलताना दीड मिलिमीटरच्या बाल्सा पत्र्याचे तंतू त्याच्यासोबत निघून आले, त्यामुळे तो पंख दुरुस्त होण्याजोगा उरला नाही. भाचीने नऊ रिब वाचवल्या आहेत. बाकीच्या ती पुन्हा कापते आहे. तक्रारीला जोडण्यासाठी फिल्मचा एक तुकडा, ती चिठ्ठी आणि सोनाराकडच्या वजनाचे छायाचित्र मी एका पाकिटात जपून ठेवले आहे.