मोतीबिंदू विरघळवणारे थेंब : ४२,८०० रुपये आणि उजव्या डोळ्याची नजर

मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. तो विरघळवणारे कोणतेही औषध आजवर सिद्ध झालेले नाही. नजर अडवणारे गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे, हाच त्यावरचा उपाय आहे. हे एका नेत्रतज्ज्ञाने आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले, तोवर आमच्याकडून ४२,८०० रुपये काढून घेतले गेले होते आणि माझ्या पत्नीच्या उजव्या डोळ्याची बाजूची नजर कायमची गेली होती. ज्यांच्या घरी साठी ओलांडलेली माणसे आहेत, त्यांनी हे वाचावे म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

रकमा आधीच सांगतो. नोंदणीचे १०० रुपये, ‘संगणकीय तपासणी’चे ६००, तीन महिन्यांच्या थेंबांच्या पहिल्या संचाचे १८,५००, बारीक छिद्रांच्या चष्म्याचे १,८५०, दुसऱ्या संचाचे २१,४०० आणि तो घरपोच पाठवल्याचे ३५०. पावती फक्त पहिल्या संचाची मिळाली, तीही बाजारात मिळणाऱ्या साध्या पावतीपुस्तकातली, जीएसटी क्रमांक नसलेली. बाकीचे सगळे पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर घेण्यात आले. शिबिर संस्थेच्या नावाने आणि पैसे मात्र एखाद्या माणसाच्या खात्यात, असे दिसले तर तिथूनच परत फिरावे.

शिबिर आमच्या गावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात होते. मोफत म्हणून बोलवायचे, तपासणीनंतर भीती घालायची, मग आजच्या दिवसापुरती सवलत जाहीर करायची, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे आणि मलाही ती परकी नव्हती. नोकरीची सारी वर्षे मी सरकारी लेखा विभागात इतरांची देयके तपासण्यात घालवली आहेत. तरीही आम्ही तिथे का बसून राहिलो, याचे कारण आहे. महाराष्ट्रात नेत्रशिबिरांची फार मोठी आणि प्रामाणिक परंपरा आहे. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या सरकारी सेवेतल्या शल्यचिकित्सकांनी गरिबांच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या, सेवाभावी संस्था गावोगावी जाऊन रुग्ण आणतात, त्यांची शस्त्रक्रिया करून त्यांना घरी पोहोचवतात. आमच्याच नात्यातल्या तिघांना अशा शिबिरांमुळे पुन्हा दिसू लागले आहे. त्या पुण्याईचा विश्वास या माणसांनी वापरला, आणि मला सर्वांत जास्त संताप याच गोष्टीचा येतो.

माझ्या पत्नीचे वय ६९. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घ्या, असे एका डॉक्टरांनी आधीच सांगितले होते आणि ३२,००० रुपये खर्च सांगितला होता. पैशांची अडचण नव्हती, भीती होती. तिच्या मावशीचा डोळा जुन्या काळी शस्त्रक्रियेनंतर गेला होता. शिवाय मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचे असते, हा समज आमच्या पिढीत घट्ट बसलेला आहे. आता तसे थांबण्याची गरज नाही. उलट फार थांबले तर भिंग कठीण होते आणि शस्त्रक्रिया अवघड होते. शिबिरातल्या माणसाने मात्र तिच्या मनातली ही भीती पाच मिनिटांत ओळखली आणि पुढचे सगळे बोलणे त्याच भीतीवर बेतले.

त्याने एक इंग्रजी लेखही दाखवला. २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्यावर खरोखरच एक शोधनिबंध आला होता आणि कुत्र्यांच्या डोळ्यांतले भिंग त्याने काहीसे निवळल्याचे त्यात म्हटले होते, हे मी नंतर तपासून पाहिले. परंतु शस्त्रक्रियेत माणसांच्या डोळ्यांतून काढलेल्या मोतीबिंदूंवर भारतात त्याच वर्षी तो प्रयोग केला गेला तेव्हा काहीही फरक पडला नाही, आणि नंतरच्या संशोधकांच्या हातीही अपयशच आले. हा दुसरा भाग त्याने सांगितला नाही. लेख खरा असणे आणि विकणाऱ्याच्या बाटलीत ते औषध असणे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो.

त्यानंतर प्रात्यक्षिक झाले. पत्नीच्या डोळ्यात एक थेंब घातला, दहा मिनिटे डोळे मिटून बसवले आणि मग काळ्या प्लास्टिकचा, बारीक छिद्रे असलेला चष्मा लावून तक्ता वाचायला दिला. आधी न वाचता आलेल्या दोन ओळी तिने वाचल्या. सभागृहात टाळ्या वाजल्या. बारीक छिद्रातून पाहिले की किरणांचा पसारा कमी होतो आणि नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याविनाही बरेच स्पष्ट दिसते. नेत्रतज्ज्ञ हीच युक्ती तपासणीत रोज वापरतात. थेंबाचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. पण हे ज्याला आधी माहीत नाही, त्याने समोर पत्नी वाचते आहे हे पाहून काय समजायचे?

तरीसुद्धा थांबण्याची जागा होती, आणि ती मला रोज आठवते. दुसरा संच कुरिअरने आला, तेव्हा आमच्या सुनेने बाटलीवरचे लेबल मोठ्याने वाचले. त्यावर औषधाच्या उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता. बॅच क्रमांक नव्हता. होता तो चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक. ‘‘बाबा, असा नंबर तर फरसाणाच्या पाकिटावर असतो,’’ असे ती म्हणाली. मी तिच्यासमोरच त्या माणसाला फोन लावला. औषध आयुर्वेदिक असल्यामुळे अन्नाचाच परवाना लागतो, असे त्याने न अडखळता सांगितले. हे धादांत खोटे आहे. आयुर्वेदिक औषधालाही १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालीच उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो, आणि डोळ्यात घालायची कोणतीही वस्तू अन्न असू शकत नाही. बाटलीही ३० मिलिची होती आणि एक बाटली दीड महिना पुरवायची, असे सांगितले होते. औषधाच्या दुकानात मिळणारे डोळ्यांचे थेंब बहुधा ५ किंवा १० मिलिचे असतात आणि बाटली उघडल्यावर महिन्याभरात संपवा अथवा टाकून द्या, असे त्यांच्यावर छापलेले असते, कारण उघड्या बाटलीत जंतू वाढतात. सगळे पुरावे त्या टेबलावर आमच्यासमोर होते.

पण त्याच आठवड्यात माझी पत्नी कित्येक वर्षांनी चष्मा न लावता वर्तमानपत्र वाचू लागली होती. लेबलावरच्या आकड्यापेक्षा मी डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवला, आणि माझ्या जागी असलेल्या बहुतेकांनी तेच केले असते असे मला आजही वाटते. हे असे का घडले, ते नेत्रतज्ज्ञांनी नंतर समजावले. भिंगाच्या मधल्या भागात वाढणाऱ्या मोतीबिंदूमुळे भिंगाची ताकद बदलते, डोळ्याचा नंबर उणे बाजूला सरकतो आणि काही काळ जवळचे चष्म्याविना वाचता येते. मोतीबिंदू वाढत असल्याचे ते लक्षण असते. लांबचे त्याच वेळी अंधुक होत जाते. पत्नीला समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचता येईना, तेव्हा आम्ही पावसाळी उजेडाला दोष दिला. शिबिरवाल्यांनी फेरतपासणीत फक्त जवळचे अक्षर वाचून घेतले, लांबचा तक्ता एकदाही पुढे केला नाही. हे त्यांना ठाऊक होते म्हणूनच त्यांनी तसे केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साठीनंतर एखाद्याचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला तर आनंद मानू नका, आठवड्याच्या आत डोळे तपासून घ्या.

थेंब चालू असताना डोळे पांढरेशुभ्र दिसत, खाज थांबली होती. मग संध्याकाळी डोके दुखू लागले, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसू लागली आणि ती उजव्या बाजूच्या दाराच्या चौकटीला धडकू लागली. नेत्रतज्ज्ञांनी दाब मोजला : उजव्या डोळ्यात ३४, डाव्यात २७. साधारणपणे तो १० ते २१ असतो. लाली आणि खाज झटपट घालवणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. ते महिनोन्‌महिने देखरेखीविना घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही वाढतो. आमच्या बाटलीत तेच होते असे प्रयोगशाळेच्या अहवालाविना म्हणता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि मीही तसे म्हणत नाही. पण थेंब बंद करून दाबाचे औषध सुरू केल्यावर दाब उतरला. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेनंतर परत येते, काचबिंदूने मेंदूकडे जाणाऱ्या नसेची झालेली हानी मात्र भरून येत नाही. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढे एका धर्मादाय रुग्णालयात झाली, मधले दिसते आहे, बाजूचे दिसत नाही.

आता तक्रारीविषयी. पोलीस ठाण्यात आम्हाला सांगण्यात आले की तुम्ही पैसे स्वखुशीने दिलेत, ही दिवाणी बाब आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची जी व्याख्या आहे, तिच्यात खोटे सांगून एखाद्याला मालमत्ता द्यायला प्रवृत्त करणे हेच तर लिहिले आहे. प्रत्येक फसवलेला माणूस पैसे स्वतःच्या हातानेच देतो. बराच वाद घातल्यावर अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. १९३० या सायबर क्रमांकावर सांगितले की समोरासमोर झालेला व्यवहार सायबर गुन्हा नाही. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला आहे. औषध खात्याच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याने बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली आणि त्यावर अन्नाचा क्रमांक असल्याने अन्न विभागाकडे जा म्हणून सांगितले. अन्न विभागाने सांगितले की डोळ्यात घालायचे थेंब अन्न नव्हेत, औषध विभागाकडे जा. दोन्ही टेबले एकाच इमारतीत होती. एका खोट्या लेबलामुळे आम्ही फसलो आणि त्याच खोट्या लेबलाचा आधार घेऊन दोन्ही विभागांनी हात झटकले. उत्पादक दुसऱ्या राज्यातला दिसतो, तिकडे लिहा, असा सल्ला शेवटी मिळाला. तिकडे लिहिलेल्या पत्राला उत्तर नाही. सभागृह देणाऱ्या मंडळींनी आम्ही केवळ भाडे घेतले असे सांगून विषय संपवला. सभासदांच्या डोळ्यांत काय घातले जाणार आहे, येणारा डॉक्टर नोंदणीकृत आहे की नाही, हे भाडे घेण्याआधी विचारायचे नसेल तर ज्येष्ठांसाठी सभागृह चालवण्याचा अर्थ काय?

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. ज्या आजारांवर औषधाने बरे करण्याची जाहिरातच करता येत नाही, त्यांच्या यादीत मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन्ही नावाने लिहिलेले आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘शस्त्रक्रियेविना मोतीबिंदूपासून मुक्ती’ असे लिहिलेला फलक आमच्या गावात मुख्य रस्त्यावर लागला होता. त्याखालून रोज सरकारी गाड्या जात होत्या. त्या फलकाचे छायाचित्र मी प्रत्येक कार्यालयात दाखवले, आणि एकाही माणसाने ते ठेवून घेतले नाही.

ग्राहक आयोगाचा मार्ग त्यातल्या त्यात खुला निघाला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नीट ऐकून घेतले गेले, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तक्रार दाखल केल्यावर ‘ग्राहक कार्यालयातून बोलतो, परतावा मंजूर झाला आहे, २,३६० रुपये प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आम्हाला आला. एकदा फसलेल्यांचे क्रमांक ही माणसे पुन्हा वापरतात.

औषध विकत घेणाऱ्याला ते ठरावीक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क १९४० च्या कायद्याच्या कलम २६ ने दिला आहे. हे आम्हाला एकाही कार्यालयाने सांगितले नाही, वकिलाने सांगितले. दुसऱ्या संचातली एक न उघडलेली बाटली सुदैवाने शिल्लक होती. ती त्या कलमाखालच्या अर्जासोबत दिली आहे आणि अहवाल यायचा आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी जिल्हा रुग्णालयांत मोफत होते, तेव्हा खर्चाच्या भीतीने कोणी थेंबांच्या मागे लागू नये. चाळिशीनंतर डोळे तपासताना केवळ नंबर काढून उठू नका, दाब मोजून आणि नस पाहून घ्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. आणि ज्यांच्या घरी अशा शिबिरातले थेंब आजही चालू आहेत, त्यांनी ते आज थांबवून डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा, आणि राहिलेली बाटली, खोका, फलकाचे छायाचित्र, पैसे पाठवल्याची नोंद, यातले काहीही टाकू नये.